शॅमेलिऑन पाळायचाय? मग त्याचे रंग वाचायला शिका

इकडे अमेरिकेत आपल्या मराठी घरांमधून मला एक प्रश्न सारखा येतो, मुलगा शॅमेलिऑनसाठी, म्हणजे त्या रंग बदलणाऱ्या सरड्यासाठी, हटून बसलाय, घ्यावा का? माझं उत्तर ठरलेलं असतं, घ्या, पण आधी त्याचं घर तयार करून निदान आठवडाभर रिकामं चालवून बघा, आणि तो रंग का बदलतो हे घरातल्या सगळ्यांना नीट समजू द्या. कारण हा प्राणी ओरडत नाही, जवळ येऊन अंग घासत नाही, आणि आजारी पडला तर ते शेवटपर्यंत लपवतो, जंगलात अशक्त दिसला की कोणीतरी खाणार हे त्याच्या रक्तातच आहे. त्याला काय होतंय हे कळायचं मुख्य साधन म्हणजे त्याचा रंग. ज्यांना तो वाचता येतो त्यांच्याकडे शॅमेलिऑन वर्षानुवर्षं मजेत जगतो, आणि ज्यांना येत नाही त्यांच्याकडे सगळं महागातलं सामान असूनही तो पहिल्या वर्षातच जातो, हे मी फार वेळा बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं.

मी जे सांगणार आहे ते मुख्यतः व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. हा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला, डोक्यावर उंच तुरा, नर शेपटीसकट दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर सहा ते आठ वर्षं जगतो, मादी त्याहून थोडी कमी. आमचा बंड्या याच जातीतला. दुसरी लोकप्रिय जात म्हणजे मादागास्करचा पँथर, त्याची देखभाल जवळपास अशीच, फक्त रंग जास्त भडक आणि ते मादागास्करच्या कुठल्या भागातला त्यावर ठरतात, नोसी बे बेटावरचे नर निळसर-हिरवे तर अंबिलोबे भागातल्यांच्या अंगावर लाल-निळे पट्टे. तीन शिंगांचा जॅक्सन्स मात्र पूर्व आफ्रिकेतल्या थंड डोंगराळ भागातला, त्याला कमी उष्णता लागते, त्यामुळे खालचे तापमानाचे आकडे त्याला लावू नका.

भारतात असाल तर आधी एवढं वाचा

आपल्याकडे कोकणात, विदर्भात, माळरानाच्या कडेला जो दिसतो तो भारतीय शॅमेलिऑन, कोणी त्याला सरडगुहिरा म्हणतं, कोणी घोयरा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो संरक्षित आहे, पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा. विषारी आहे म्हणून त्याला दगडाने मारतात ते तर फारच चुकीचं, त्याला विष अजिबात नसतं, तो फुगून फुसफुसतो तेवढंच. जखमी सापडला तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. परदेशी शॅमेलिऑन बहुतेक सगळे साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात आणि २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर भारतात अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झालीये. शिवाय सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर भारतात मोठ्या शहरांतही शोधावे लागतात. त्यामुळे भारतातल्या मंडळींना माझा प्रामाणिक सल्ला, पाळू नका, पावसाळ्यात आणि त्यानंतर कुंपणांवर शांतपणे शोधा, दिसला तर लांबूनच बघत बसा, रंगांबद्दलचं पुढचं सगळं तिथेही उपयोगी पडेल.

प्राणी निवडताना

कॅप्टिव्ह ब्रेड म्हणजे पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्या, जंगलातून पकडून आणलेला नको, तो आधीच ताणाने आणि पोटातल्या जंतांनी अर्धा झालेला असतो. शक्यतो थेट ब्रीडरकडून, तीन महिन्यांच्या पुढचा. त्याआधीची पिल्लं फार नाजूक, एक दिवस पाणी चुकलं तरी कोमेजतात. हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. डोळे बाहेर आलेले, गोल आणि सतत इकडे तिकडे फिरणारे हवेत, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना. डोळे खोल गेलेले किंवा दिवसा मिटलेले असतील तर कितीही दया आली तरी नको. पाय सरळ असावेत, फांदीवर पोट उचलून चालायला हवा, पोट घासत चालणारा नको.

पहिल्यांदाच पाळत असाल तर नर घ्या. व्हेल्डमध्ये ओळखणं सोपं आहे, नराच्या मागच्या पायाच्या टाचेला मागच्या बाजूने एक छोटा टोकदार उंचवटा असतो, अगदी जन्मापासून, मादीला तो नसतो. नर का, ते पुढे अंड्यांबद्दल लिहिलंय तिथे कळेल. आणि एकच घ्या. "त्याला एकटं वाटेल" हे आपलं माणसांचं झालं, शॅमेलिऑनला दुसरा शॅमेलिऑन दिसणं म्हणजे दिवसभराचं टेन्शन. भांडले नाहीत तरी एक जण हळूहळू खाणं सोडतो.

घर: उंच, जाळीचं, झाडांनी भरलेलं

मोठ्या व्हेल्डला २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच पिंजरा हा कमीत कमी समजा. उंची महत्त्वाची, कारण वर असला की त्याला सुरक्षित वाटतं, म्हणून पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा, म्हणजे त्याची आवडती फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. एवढ्या एका बदलाने काळपट पडलेले प्राणी हिरवे होताना मी पाहिलेत. बाजू जाळीच्या असाव्यात म्हणजे हवा खेळती राहते. न्यू जर्सी किंवा शिकागोसारख्या ठिकाणी हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते, तेव्हा दोन-तीन बाजूंना प्लास्टिकचा पातळ शीट लावून ओल धरून ठेवता येते, पण समोरची बाजू आणि वरचं झाकण मोकळंच हवं.

आत खरी झाडं लावा. मनी प्लांट, जास्वंद, शेफ्लेरा, ही तिन्ही चालतात आणि कुठेही मिळतात. व्हेल्ड पानंसुद्धा खातो, त्यामुळे नर्सरीतून आणलेलं झाड आधी स्वच्छ धुवा, कुंडीतली वरची माती बदला, खताचे पांढरे दाणे दिसले तर काढून टाका, आणि औषध मारलेलं असेल अशी शंका असली तर काही आठवडे बाहेर ठेवून मगच आत घ्या. प्लास्टिकची पानं नकोत, खाल्ली तर आतड्यात अडकतात. फांद्या आडव्या, वेगवेगळ्या जाडीच्या, पायात नीट पकडता येतील अशा. आणि मध्यभागी एक जागा अशी दाट करा की तो आत शिरला की तुम्हाला दिसणारच नाही. लोकांना हे आवडत नाही, पैसे खर्च करून आणलेला प्राणी दिसला पाहिजे असं वाटतं, पण ज्याला लपायला जागा असते तोच निवांतपणे बाहेर येऊन बसतो, हे अनुभवाने सांगते. तळाला लाकडाचा भुसा वगैरे काही टाकू नका, मोकळा ठेवा आणि खाली पाणी जायला ट्रे.

उजेड आणि ऊब

यात पैसे वाचवू नका. दोन वेगळे दिवे लागतात, एक यूव्हीबी ट्यूब आणि एक साधा उष्णतेचा बल्ब. यूव्हीबी म्हणजे सूर्यप्रकाशातला तो भाग ज्याने त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि डी३ असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम शरीरात शोषलं जातं. तो नसेल तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं, हाडं रबरासारखी होतात, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ बाहेर फेकता येत नाही. याला मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात, आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

ट्यूब लांब हवी, टी५ एचओ प्रकारची, आर्केडियाची ६ टक्के किंवा झू मेडची रेप्टीसन ५.०. पीळ दिलेले छोटे कॉइल बल्ब नको. ट्यूब जाळीच्या वर ठेवा आणि खालची फांदी अशी बांधा की त्याची पाठ ट्यूबपासून साधारण ८-९ इंचांवर येईल. रोज १२ तास, टायमरवर. वर्षातून एकदा ट्यूब बदला, कारण उजेड तसाच दिसत राहतो पण यूव्हीबी कमी होत जातो आणि तो आपल्या डोळ्यांना कळत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. उन्हाळ्यात मात्र जाळीचा पिंजरा थोडा वेळ अंगणात ठेवा, अर्ध्या भागात सावली ठेवून आणि तुम्ही तिथेच बसून. काचेची टाकी उन्हात कधीच नाही, काही मिनिटांत ती भट्टी होते.

उबेच्या बल्बखाली मोठ्या नरासाठी ८५ फॅरेनहाइट म्हणजे २९ सेल्सियसच्या आसपास, पिल्लांना आणि मादीला ८० म्हणजे २७. बाकी पिंजरा ७२ ते ७८ फॅरेनहाइट, म्हणजे २२ ते २६ सेल्सियस. तापमान फांदीवर मोजा, तिथेही त्याच्या पाठीच्या आणि तुऱ्याच्या उंचीवर, कारण तुरा बल्बच्या सगळ्यात जवळ असतो आणि तिथेच भाजतं. रात्री सगळे दिवे बंद, लाल-निळे "नाइट बल्ब" सुद्धा नकोत. रात्री तापमान ६५ फॅरेनहाइटपर्यंत, त्याहून थोडं खाली गेलं तरी मोठ्या व्हेल्डला उलट बरं वाटतं, त्याच्या मूळ डोंगराळ भागात रात्री गारच असतात.

पाणी: वाटी नाही, थेंब

बहुतेक शॅमेलिऑन वाटीतलं साठलेलं पाणी पाणी म्हणून ओळखतच नाहीत. पानावर हलणारा, चमकणारा थेंब दिसला की ते पितात. सकाळी दिवे लागायच्या आधी आणि संध्याकाळी दिवे जायच्या सुमाराला दोन-दोन मिनिटं बारीक फवारा द्या, हाताने किंवा ऑटोमॅटिक मिस्टरने, आणि दुपारी ड्रिपरने एका पानावर थेंब थेंब सोडा. बंड्या प्यायला लागतो तेव्हा मी हातातलं काम ठेवून बघत राहते. आधी एक डोळा थेंबावर स्थिर होतो, दुसरा तोपर्यंत माझ्यावर, मग दोन्ही पुढे येतात, तो मान लांब करून ओठाची कड पानाला टेकवतो आणि गळ्याखालची कातडी वर-खाली व्हायला लागते, असं कित्येक मिनिटं चालतं, मध्ये कोणी खोलीत आलं की लगेच थांबतो.

दिवसा पिंजरा कोरडा होऊ द्या, ओल ३० ते ५० टक्के पुरे. रात्री ८० टक्क्यांच्या वर चालते, त्यासाठी फॉगर म्हणजे धुकं सोडणारं यंत्र लावतात, पण खोली गार असेल तरच, साधारण ६८ फॅरेनहाइटच्या खाली. गरम आणि सतत ओलं असं दोन्ही एकत्र आलं की फुप्फुसाला संसर्ग होतो. फॉगरची टाकी दर आठवड्याला घासून धुवा.

पाणी पुरतंय का ते विष्ठेवरून कळतं. तिच्याबरोबर एक घट्ट पांढरा भाग पडतो, तो युरेट. पांढरा असेल तर छान, टोकाला किंचित पिवळसर चालेल, नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

खाणं

मुख्य खाणं रातकिडे आणि डुबिया झुरळं (फ्लोरिडात डुबियाला परवानगी नाही, तिथे दुसरं काही बघा), जोडीला रेशीमकिड्यांच्या अळ्या, हॉर्नवर्म, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा किडा देऊ नका. वाढत्या पिल्लाला रोज, दोनदा, खाईल तितकं. मोठा झाला की एक दिवसाआड तीन ते पाच किडे बास. आपल्याकडे खाऊ घालण्यात प्रेम असतं, पण इथे हात आखडता घ्या, जाड झालेला शॅमेलिऑन लवकर आजारी पडतो.

किड्यांना आधीच्या दिवशी चांगलं खायला द्या, गाजर, रताळं, मोहरीचा पाला, संत्र्याची फोड, कारण शेवटी ते सगळं त्याच्याच पोटात जाणार. पालक टाळा, त्यातली ऑक्झालेट्स कॅल्शियम अडवतात. देताना किड्यांवर कॅल्शियम पावडर भुरभुरवा, दरवेळी डी३ नसलेली साधी, आणि महिन्यातून दोनदा डी३ आणि अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन. डी३ असलेली रोज देऊ नका, जास्त डी३ शरीरात साठतं आणि मूत्रपिंडाला घातक ठरतं. रात्री उरलेले रातकिडे काढून टाका, ते झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात. बागेतले किडे पकडून देऊ नका आणि काजवे तर कधीच नाही, उन्हाळ्यात ईस्ट कोस्टला अंगण काजव्यांनी भरतं, मुलांना वाटतं एक टाकून बघू, पण एक काजवासुद्धा सरड्याचा जीव घेऊ शकतो.

आता रंग

शॅमेलिऑन मागच्या भिंतीचा रंग बघून तसा होतो हा समज सोडून द्या. स्वस्थ असताना तो हिरवा-तपकिरी असतो म्हणून पानांत मिसळून जातो हे खरं, पण रंग बदलण्यामागे तीन कारणं आहेत, ऊब, मनःस्थिती आणि दुसऱ्या शॅमेलिऑनला दिलेला निरोप. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनच्या बऱ्याच जातींची तुलना करून २००८ साली संशोधकांनी दाखवलं की ज्यांचं एकमेकांसमोरचं रंगांचं प्रदर्शन सगळ्यात ठळक त्यांचीच रंग बदलण्याची क्षमता सगळ्यात जास्त, लपण्याच्या गरजेशी तिचा तसा संबंध दिसला नाही.

हे घडतं कसं ते २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिनकोविच यांच्या गटाने पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. त्वचेत इरिडोफोर नावाच्या पेशींचा एक थर असतो, त्यात ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले. प्राणी शांत असला की स्फटिक जवळ जवळ असतात आणि निळा प्रकाश परततो, त्याच्याबरोबर त्वचेतलं पिवळं रंगद्रव्य असतंच, म्हणून आपल्याला हिरवा दिसतो. चवताळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा, नारिंगी, लाल असे रंग परतायला लागतात. त्याच्याखाली अजून एक थर असतो जो मुख्यतः उष्णतेचे किरण परतवतो. आणि काळपटपणा येतो तो वेगळ्या पेशींमधून, त्यातलं मेलॅनिन पसरलं की अंग गडद, आखडलं की उजळ. म्हणजे गडद-उजळ हा एक खेळ आणि हिरवा-पिवळा-लाल हा दुसरा, दोन्ही एकाच वेळी चालू असतात. घरी बघताना हे वेगळं करता आलं की निम्मं काम झालं, आधी बघायचं तो किती गडद आहे, मग बघायचं पट्टे किती भडकलेत.

सकाळपासून सुरुवात करू. दिवे लागायच्या आधी बंड्या फिकट पोपटी असतो, जवळजवळ पुसट, शेपटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. रात्री टॉर्च मारून बघितलंत तर असाच फिकट दिसायला हवा, गाढ झोपेचा तो रंग आहे. दिवे लागले की तो उबेच्या फांदीवर येतो, अंग चपटं करतो आणि एक बाजू बल्बकडे वळवतो, आणि मग ती बाजू गडद होते, काळपट तपकिरी, दुसरी बाजू मात्र हिरवीच. नवीन माणूस हे बघून घाबरतो, पण ही अगदी निरोगी गोष्ट आहे, गडद रंग उष्णता जास्त शोषतो. थोड्या वेळाने ऊब पुरेशी झाली की ती बाजू परत हिरवी होते आणि तो खायला निघतो. तुमचा प्राणी दुपारपर्यंत गडदच राहून बल्बखाली बसत असेल तर फांदीवरचं तापमान मोजा, बहुतेक वेळा ते कमीच निघतं.

आता उलटं, दिवसा अंग एकदम फिकट पडलंय, तोंड उघडं आहे आणि तो बल्बपासून लांब खाली उतरलाय, तर गरम होतंय, लगेच बल्ब वर घ्या. फिकट आहे, डोळे मिटलेत आणि हालचाल नाही, तर मात्र उष्णतेचा विचार सोडा, हा आजारी प्राणी आहे, त्याच दिवशी डॉक्टर.

पट्टे एकदम भडकले, पिवळे-नारिंगी झाले, गळा फुगला, अंग पानासारखं चपटं करून आडवं दाखवतोय, डोलतोय, फुसफुसतोय, हे दरडावणं आहे. बघणाऱ्याला तो सगळ्यात सुंदर तेव्हाच दिसतो आणि फोटोही तेव्हाचेच काढले जातात, म्हणून लोकांना वाटतं खूश आहे. तो खूश नाही, त्याला समोर शत्रू दिसतोय. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या २०१३ च्या अभ्यासात व्हेल्ड नरांच्या झुंजी बघितल्या तेव्हा ज्यांचे पट्टे जास्त उजळले ते पुढे चालून जायचे, आणि ज्यांचं डोकं झपाट्याने उजळलं ते जास्त वेळा जिंकायचे. त्यामुळे फोटोसाठी मुद्दाम आरसा दाखवू नका, एवढी कळकळीची विनंती. आणि रोज ठरावीक वेळी असा भडकत असेल तर तिथे बसून शोधा, संध्याकाळी खिडकीच्या काचेत त्याचं स्वतःचं प्रतिबिंब पडतं का, मांजर समोरच्या खुर्चीवर येऊन बसते का.

गडद झाला, पण पट्टे विझलेले, अंग आखडून फांदीच्या मागच्या बाजूला सरकला, तर ही भीती किंवा हार. झुंजीत हरलेला नरही असाच गडद होऊन "मला सोड" असं कळवतो. हातात घेतल्यावर तुमचा प्राणी असा होत असेल तर तो हातावर शांत बसलाय असं समजू नका. आणि दिवसेंदिवस तसाच गडद राहिला, पिंजऱ्यात ऊब नीट असूनही, तर पिंजऱ्याची जागा बदला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर न्या, पानं वाढवा, आणि आठवड्यात फरक नाही पडला तर तपासून घ्या.

रंगांचे काही बदल मनःस्थितीचे नसतातच. कात टाकायच्या आधी अंग धुरकट, राखाडी पडतं, मग पांढरे पापुद्रे सुटतात, ते ओढू नका, फवारा थोडा वाढवा. तुऱ्यावर किंवा पाठीच्या कण्यावर एकच डाग, आधी हिरवट-काळा मग तपकिरी, आणि बाकी अंगाचा रंग बदलला तरी तो डाग तसाच, तर ते भाजलंय. पिल्लं सुरुवातीला एकसारखी कोवळी हिरवी असतात, खरे पट्टे पुढच्या काही महिन्यांत येतात, त्यामुळे चार महिन्यांचं पिल्लू "फिकं" आहे म्हणून निराश होऊ नका. आणि ट्रान्सल्युसंट नावाने जे पांढरे ठिपके असलेले व्हेल्ड विकतात त्यांच्या त्या पांढऱ्या भागात रंगपेशी नीट नसतात, तो भाग बदलत नाही, शिवाय त्या त्वचेला ऊन जपूनच द्यावं लागतं.

मादी असेल तर

व्हेल्ड मादी नर कधीच न भेटता अंडी घालते, साधारण सहा महिन्यांची झाल्यापासून कधीही, आणि एका वेळी २० पासून ७० च्या पुढेही. पोटात अंडी तयार झाली की तिचा रंग साफ बदलतो, गडद हिरव्या-काळ्या अंगावर पिवळे आणि फिरोजी ठिपके उमटतात. पण या रंगाची वाट बघू नका, अंड्यांसाठी वाळूचं घमेलं पिंजऱ्यात कायम ठेवा, फूटभर खोल, धुतलेली बारीक वाळू, एवढी ओलसर की बोटाने भोक पाडलं तर ढासळणार नाही. ती खणायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि तिथून निघून जा, कोणी बघतंय हे कळलं तर ती अर्धवट सोडते. खणतेय, थांबतेय, पण अंडी नाहीत, मलूल होऊन तळाला बसलीये, तर अंडी अडकली असतील, उद्यावर ढकलू नका, यात मादी दगावते. एक दिवसाआड मोजकं खाणं आणि ८० च्या आसपासची ऊब ठेवली तर अंड्यांची संख्या बरीच कमी राहते.

हाताळणं आणि डॉक्टर

रोज हातात घेऊन फिरवायचा हा प्राणी नाही. आणल्यावर पहिले दोन आठवडे फक्त पाणी-खाणं द्या, बघू नका म्हटलं तरी चालेल. नंतर चिमट्याने किंवा हातावरून एखादी आवडती अळी द्या, स्वतःहून हातावर चढला तर चढू द्या, वरून पकडून उचलू नका, वरून येणारं काहीही त्याच्यासाठी पक्षी असतो. नंतर हात साबणाने धुवा, मुलांचे तर नक्कीच, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. अगदी लहान बाळ घरात असेल तर थोडी वर्षं थांबलेलं बरं.

डॉक्टर प्राणी आणायच्या आधी शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरडे बघत नाहीत. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स या संस्थेच्या यादीत तुमच्या भागातले मिळतील. पहिल्या महिन्यातच ताजी विष्ठा नेऊन जंतांची तपासणी करा. ऊब नीट असतानाही तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाला टकटक आवाज, नाकाशी फेस, जीभ आखूड पडणं किंवा निशाणा चुकत राहणं, पकड ढिली होणं, एखादा सांधा सुजणं, दिवसा डोळे मिटणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

पुढे काही कारणाने ठेवणं जमेना, भारतात परत जायचं ठरलं वगैरे, तर ब्रीडरला किंवा रेप्टाइल रेस्क्यूला द्या, बाहेर सोडू नका. फ्लोरिडात आणि हवाईत सोडलेल्या व्हेल्डची जंगली वस्ती झालीये, हवाईत तर तो पाळायलाच बंदी आहे, आणि थंड राज्यात सोडलेला पहिल्याच हिवाळ्यात मरतो.

एक शेवटची सवय लावून घ्या. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच दिव्यात, फ्लॅशशिवाय, त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर फांदीसकट वजन करून फांदीचं वजा करा. रोज बघताना हळूहळू उतरणारा रंग किंवा वजन लक्षात येत नाही, फोटो शेजारी शेजारी ठेवले की लगेच दिसतं. दवाखान्यात गेल्यावर प्रवासाच्या भीतीने तो काळा पडलेलाच असतो, त्यामुळे घरी नेहमी कसा दिसतो हे डॉक्टरना त्या फोटोंवरूनच कळतं.